ताईच्या वजनाची गाडी

आमच्या दाजींना माणसं नावानं लक्षात राहत नाहीत, दारानं राहतात. रस्त्यात कुणी हसून हात केला की हे नुसती मान हलवतात आणि तो पुढे गेला की मला हळूच विचारतात, "हा डाव्या मागच्या दाराची बिजागरी बदलून नेलेला ना गं?" बहुतेक वेळा तोच असतो. कुणाच्या घरी जेवायला नेलं तर घरचे लोक गप्पा मारतात आणि हे त्यांच्या कपाटाच्या फटीतून बोट फिरवत बसतात. मी कितीदा डोळे वटारले, पण ढिम्म फरक नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा गाड्यांच्या बॉड्या बांधण्याचा. कारखान्यातून एकसारख्या निघतात तशा नव्हेत. कुणाकडे जुनी चासी असते, म्हणजे इंजिन आणि चाकं धरून ठेवणारा गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. त्यावर ज्याला जशी हवी तशी बॉडी दाजी बांधून देतात. कुणाला कुंड्या न्यायला मागं सपाट जागा हवी असते, कुणी स्वतःच ताडमाड म्हणून छत उंच हवं असतं, कुणाला आजोबांची होती तशीच गाडी हवी असते आणि तिचा धड फोटोही जवळ नसतो. त्यांच्याच शेडच्या कोपऱ्यात माझं शिवणयंत्र आहे. सीटांची कव्हरं शिवणं आणि गाद्या भरणं माझ्याकडे. दाजी मला सुईबाई म्हणतात. कामावरून म्हणतो, असं ते सांगतात. माझ्या जिभेवरून म्हणतात हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

दाजींचे वडील पत्र्याच्या पेट्या करायचे. पेटीचं झाकण कसं लागलं पाहिजे यावरून लहानपणी त्यांनी भरपूर मार खाल्ला, आणि तोच मार पुढे कामाला आला असं ते अभिमानानं सांगतात. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आमचं पुढचं दार घासत होतं. आई-बाबा त्यांची चौकशी करत होते आणि हे अस्वस्थ होऊन सारखे दाराकडे बघत होते. शेवटी उठले, खिशातल्या कागदाची घडी करून बिजागरीमागे सरकवली, दार एका बोटानं सोडलं. ते अलगद जाऊन लागलं. मग शांत चेहऱ्यानं परत येऊन बसले आणि म्हणाले, हां, काय विचारत होतात. मी हसू दाबायला आत पळाले. ताई हसली नाही. ती रात्रभर त्या दाराबद्दलच बोलत होती, तेव्हाच मला कळलं की आता ही काही आपल्या घरात राहत नाही.

स्वभावानं हा माणूस गरीब गाय, पण ती शेडच्या बाहेर. शेडमध्ये कुणी दार आपटलं की त्यांचं टाळकं सरकतं. दार आपटायचं नसतं, सोडायचं असतं. नीट बसलेलं दार बोटानं ढकललं की आपोआप आत जातं आणि खटका एकदाच, हलका वाजतो. दोनदा वाजला तर गाडी अजून झालेली नाही. मग गिऱ्हाईक चपला घालून निघायला उभं का असेना, हे पुन्हा गाडीखाली.

बॉडी चासीवर बसवणं म्हणजे डब्यावर झाकण ठेवणं नव्हे. बॉडी एकीकडे तयार झालेली असते, चासी दुसरीकडे, आणि ज्या दिवशी दोघींची गाठ पडायची त्या दिवशी शेडमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नाही. छताच्या तुळईला साखळीची कप्पी आणि तिला टांगलेली बॉडी. खालून चासी ढकलत आणायची. मग वेल्डर साखळी ओढणार, कडकड कडकड, बॉडी बोटबोट खाली येणार, आणि पेंटर डोक्यावर हात ठेवून पुटपुटत फिरणार की माझा रंग उडाला तर बघा एकेकाला. दोन्हींच्या मधे धक्के खायला रबराच्या गाद्या असतात, आणि जिथं कमीजास्त होईल तिथं पत्र्याच्या पातळ चकत्या. त्यांना आम्ही पॅकिंग म्हणतो. एवढीशी चकती, पण चुकीच्या जागी गेली की दार अडलंच.

दाजींची खरी गोम याच्या पुढची. रिकाम्या गाडीवर ते बोल्ट आवळतच नाहीत. गाडी काय रिकामी फिरायची आहे का, असं त्यांचं म्हणणं. आत माणूस बसला की बॉडी किंचित दबते आणि दाराची चौकट केसभर तिरकी होते. म्हणून आधी माणूस बसवायचा, मग पॅकिंग घालायचं, मग आवळायचं. आणि तो माणूस म्हणजे कायम आमची ताई.

शेडच्या वरच त्यांच्या दोन खोल्या. कप्पीचा आवाज थांबला की दाजी जिन्याखाली जाऊन हाक मारत, "अगं, येतेस का बसायला?" ताई ओले हात पुसत खाली येई, बरोबर विणकाम नाहीतर सोलायच्या शेंगा. अंगानं भरलेली, खांद्यांनी रुंद. ती उतरायला लागली की जिनाच आम्हाला सांगायचा. मागच्या सीटवर ऐसपैस बसायची. दाजी गाडीखालून विचारायचे, "बसलीस का नीट?" ती म्हणायची, "बसले. आता लवकर उठवू नका." मग वरून सुयांचा आवाज, खालून पान्याचा, आणि दोघांच्या गप्पा, एकमेकांचं तोंड न बघता. मला वाटतं निम्मा संसार त्यांनी असाच केला, ती गाडीत आणि ते गाडीखाली.

"वजन वाढलं वाटतं," खालून यायचं.

"तुमची गाडी कच्ची," वरून जायचं.

हे ठरलेलंच. एकही बॉडी याशिवाय बसली नसेल. शेवटी दाजी हात पुसत बाहेर येऊन दार सोडायचे, खटका एकदा वाजायचा, ताई मान डोलवायची आणि शेंगांचं भांडं उचलून वर जायची. आमच्या रस्त्यांवरून पळणाऱ्या कितीतरी गाड्या ताईच्या वजनावर बसलेल्या आहेत. आत बसणाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही.

मग ताई आजारी पडली. पोटाचं दुखणं, मोठं ऑपरेशन, दवाखान्यातले ते लांबलचक दिवस. ते सगळं इथं उगाळत नाही. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दाजींना आणि मला समोर बसवलं. म्हणाल्या, दुखणं मुळापासून काढलं आहे. आता औषध एकच, पोटभर जेवायचं आणि घराबाहेर पडायचं. जेवल्या नाहीत तर अंगात काही उरणार नाही, आणि मग आमच्याही हातात काही नसेल. दाजींनी त्यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पुढचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. ते मी एकटीनं ऐकलं.

ताई जेवेना. दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचं. खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते, ही तिच्याकडे पाठ करून बसायची. दवाखान्यातून येताना रिक्षात चढायला पाय उचलला तेव्हा पोटातले टाके ओढले होते, हे निमित्त खरंच होतं. पण निमित्तच होतं. मला एकदा स्वच्छ म्हणाली, "ओळखीचं माणूस बघतं ना, तेव्हा त्याच्या तोंडावर मला माझं तोंड दिसतं. त्यापेक्षा इथंच बरी आहे." मी चिडून बोलले, गोड बोलले, तिच्यासमोर ताट घेऊन हटून बसले. ताई माझ्यापेक्षा थोरली आहे, हट्टातही.

एक दिवस तिनं खोलीचं दार लावून घेतलं आणि कपड्यांचा ढीग माझ्या मांडीवर टाकला. म्हणाली, सगळे आत घे, त्यांना कळता कामा नये. मी म्हटलं, त्यांना डोळे आहेत. तर म्हणाली, "कपडा अंगावर नीट बसला की त्यांना माणूस नीटच दिसतो." आणि तेच झालं. ती वाळत गेली, मी शिवणी आत घेत गेले, आणि दाजी रोज जिना चढून तिच्याकडे बघून म्हणायचे, आज तोंडावर तेज आहे हां. मला रडू यायचं आणि रागही यायचा. पलीकडच्या गल्लीत उभ्या गाडीच्या दारातली फट ज्याला इथून दिसते, त्याला बायको अर्धी झालेली दिसू नये? कधी कधी वाटायचं, दिसत असेल. बघायचं नसेल.

पण हातावर हात ठेवून बसणारा हा माणूस नव्हे. त्यांनी ताईसाठी गाडी करायला घेतली. इतकी वर्षं लोकांच्या गाड्या बांधल्या, घरची अशी कधी नव्हतीच. शेडच्या मागं एक छोटी चासी गंजत पडली होती, ती घासूनपुसून काढली. बेत असा होता की मागचा तळ इतका खाली आणायचा की ताईला पाऊल उचलायला नको, नुसतं पुढे टाकलं की झालं. दार इतकं रुंद करायचं की तिला न वाकता बसता यावं, आणि त्यासाठी मधला खांबच काढून टाकायचा. वेल्डर म्हणाला, खांब काढलात तर बॉडीला जोरच राहणार नाही, सगळा भार खालच्या एका पट्टीवर येईल, जरा वजन कमीजास्त झालं की दार बोंबलणार. दाजी म्हणाले, "त्या पट्टीवर कोण बसणार आहे ते मला माहीत आहे."

ताईला सांगायचं नाही असं ठरलं. तयार गाडी उभी करायची, मग तिला खाली आणायची, म्हणजे नाही म्हणायची सोय राहणार नाही. पण घोडं कुठं अडणार ते उघड होतं. बॉडी बसवायला ताई हवी, आणि ताईला तर कळू द्यायचं नाही. दाजींनी तोड काढली. मला म्हणाले, सुईबाई, जाड कापडाच्या पिशव्या शीव, त्यात वाळू भरतो, तुझ्या बहिणीच्या वजनाइतकी. मी जपून विचारलं, वजन ठाऊक आहे का तुम्हाला? त्यांनी असं पाहिलं की जणू मी त्यांना त्यांच्या घराचा जिना कुठं आहे ते विचारलं. "इतक्या गाड्या बसवल्यात तिच्यावर," म्हणाले. "माझ्या हाताला ठाऊक आहे."

मी पिशव्या शिवल्या. ताईला शब्द दिलेला होता, तोंड मिटून घेतलं. सीट मात्र मी माझ्या मापानं केली. माझ्या टेपमध्ये ताईचं खरं माप होतं. तिच्या हाडांना टोचू नये म्हणून भर मऊ घातला, बाजूच्या उशा आत आणल्या, पाठीला आधार वाढवला. दाजी येऊन बघून गेले आणि म्हणाले, जरा अरुंद नाही का झाली? मी म्हटलं, तुम्ही तुमचा पत्रा बघा. ते हसत गेले. म्हणजे गाडी एकच, पण सीट एका ताईची आणि बॉडी दुसऱ्या ताईची, आणि हे शेडमध्ये मला एकटीला ठाऊक.

बॉडी बसवायचा दिवस उजाडला. सकाळीच कप्पी लागली. रंग पेंटरनं ताईच्या आवडीचा दिला होता, पिकलेल्या जांभळाचा, आणि तो नेहमीप्रमाणे डोक्यावर हात ठेवून फिरत होता. बॉडी उतरली, भोकाला भोक भिडलं. दाजींच्या अंगाचा म्हणून वेल्डर पुढच्या सीटवर बसला, मागं वाळूच्या पिशव्या ठेवल्या. दाजी खाली शिरले. चकत्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. या खेपेला खालून कुणी काही बोललं नाही आणि वरून कुणी उत्तर दिलं नाही. बोल्ट आवळून बाहेर आले, दार सोडलं, खटका एकदाच वाजला. इतका सुंदर खटका मी त्यांच्याही हातचा कधी ऐकला नव्हता.

पिशव्या काढल्यावर दार लागेना. वरचा कोपरा बाहेर राहिला. पेंटरनं तोंड वाकडं केलं, ही कसली गाडी, रिकामी उभी केली तर दार सताड उघडं. दाजी म्हणाले, "असू दे. तिची आहे, ती बसली की लागेल." हे बोलताना त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघून मी माझ्या यंत्रापाशी जाऊन उगीच दोरा ओवत बसले.

आणि तेवढ्यात जिना वाजला. पूर्वीसारखा नव्हे, अगदी बारीक. वळून बघितलं तर ताई शेवटच्या पायरीवर, कठडा धरून उभी. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदाच खाली उतरली होती. सगळे जागच्या जागी थिजले. दाजींच्या तर कडेवर वाळूची पिशवी.

"कप्पी वाजली," ताई म्हणाली. "मी म्हटलं आता हाक येईल. आली नाही."

 तोंडाला कुलूप म्हणून नसलेला पेंटर मधेच बोलून गेला की वहिनी, तुमच्याऐवजी या पिशव्या बसवल्या. ताईनं एकेका पिशवीकडे पाहिलं. माझी शिवण तिला ओळखू येतेच. "माझ्या जागी वाळू," ती एवढंच म्हणाली, आणि तिच्या गालावर रंग चढला. रागाचा होता, पण कितीतरी दिवसांनी रंग होता. त्या रागाचे मी आजही उपकार मानते. आमच्या विनवण्यांनी जे झालं नाही ते त्यानं केलं.

दाजींनी मग पिशवी खाली ठेवून सगळं सांगितलं, अडखळत, शाळेत उभं केल्यासारखं. गाडी तुझ्यासाठीच आहे, पाय उचलावा लागणार नाही, बघ. ताई बराच वेळ त्या खालच्या तळाकडे बघत राहिली. मग कठडा सोडून पुढे आली आणि पाऊल टाकलं. खरंच, उचलावं लागलं नाही. ती सीटवर बसली, बाजूच्या उशांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. सीट तिला मिठी मारल्यासारखी बसली होती. दाजी सवयीनं गुडघ्यावर टेकले आणि विचारलं, "बसलीस का नीट?"

"बसले," ताई म्हणाली.

दाजींनी वेल्डरला पुढे बसायची खूण केली, उठले आणि दार सोडलं.

लागलं नाही. कोपरा अडला. दाजींनी पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. कपाळाला आठ्या पडल्या. गाडीखाली शिरले, एकेक बोल्ट चाचपला, एकेका गादीवर बोट फिरवलं. बाहेर आले ते गोंधळलेल्या चेहऱ्यानं. म्हणाले, खाली तर सगळं जिथल्या तिथं आहे. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण ताईला शब्द दिलेला होता. ताई मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे बघत होती.

मग त्यांनी कारागीर जे करेल तेच केलं. एक पिशवी उचलून ताईच्या शेजारी सीटवर ठेवली आणि दार सोडलं. कोपरा जरा आत गेला. दुसरी ठेवली. आणखी आत. तिसरी ठेवण्याआधी त्यांनी ती हातात तोलून पाहिली, म्हणजे तोवर त्यांना कळलं होतं. दार सोडलं. खटका एकदाच वाजला, सकाळच्यासारखाच सुंदर.

काचेतून दिसत होतं ते असं: एका बाजूला ताई आणि तिला खेटून त्या पिशव्या. दाजी एकदा तिच्याकडे बघत, एकदा पिशव्यांकडे. मग त्यांनी दार उघडलं आणि तिच्या पायाशी त्या खालच्या पट्टीवर मटकन बसले.

"एवढी गेलीस?" म्हणाले. "मला दिसलं नाही गं."

"दिसू दिलं नाही," ताई म्हणाली.

शेडमध्ये मग कुणीच कुणाकडे बघितलं नाही. मला भीती वाटली की ती आता उठून वर जाईल आणि पुन्हा कधीच उतरणार नाही. दाजींनी बाहीनं नाक पुसलं, तोंडभर काळं लावून घेतलं आणि पाना उचलला. म्हणाले, थांब जरा, वरच्या चकत्या काढून टाकतो, मग लागेल. तू आहेस तशी नीट बसशील. त्यांना तिला दुखवायचं नव्हतं, गाडी तिच्या मापाची करायची होती, आयुष्यभर तेच केलं त्यांनी. ते गाडीखाली शिरायला वाकले आणि ताईनं त्यांचा खांदा धरला.

"चकतीला हात लावू नका," ती म्हणाली. "काढलीत तर मी अशीच राहणार असं ठरलं. दार आहे तसं राहू दे. मी येते त्याच्या मापाला."

दाजींनी पाना खाली ठेवला. त्या दिवशी ती गाडीतून बाहेर गेली, शेजारी वाळूच्या पिशव्या घेऊन, मोठ्या रस्त्यापर्यंत आणि परत. परत आल्यावर भूक लागली म्हणाली. मी वरच्या खोलीत स्टोव्हकडे तोंड करून जेवढं रडायचं तेवढं रडून घेतलं आणि तिला वाढलं.

पुढचं सरळसोट झालं असं कुणी समजू नये. घास मोजकेच जायचे. पण आता ती जेवताना खिडकीतून खाली बघायची, तिथं नळाजवळ दाजींनी पिशव्यांतली वाळू ओतायला जागा केली होती. दर काही दिवसांनी ताई गाडीत बसायची, दाजी दार सोडायचे, आणि दार जरा जास्तच खेचून लागतंय असं वाटलं की पिशवीचं तोंड सोडून भांडंभर वाळू काढायचे. कधी अर्धंच भांडं. तिला मधे ताप आला, आठवडाभर पाण्यावर काढला, तेव्हा काढलेली वाळू परत भरावी लागली. ती भरताना दाजी सगळ्यांकडे पाठ करून बसले होते आणि आम्ही कुणी तिकडे गेलो नाही. ताई बरी झाली आणि स्वतःच म्हणाली, ताटात अजून वाढ. ढीग पुन्हा वाढायला लागला. पेंटरला त्या ढिगाचं इतकं कौतुक की कुणी वाळू उचलली तर तो भांडायला उठायचा.

मी कपडे सोडवत गेले. आत घेताना मी एकाही शिवणीचं कापड कापलं नव्हतं, सगळं दुमडून आत ठेवलं होतं. सीटच्या उशाही एकेक बोट मागं सरकवल्या. दाजींनी ते बघितलं आणि या खेपेला अरुंद-रुंद काही म्हणाले नाहीत. आता ते ताईकडे बघायचे ते कपड्यांवरून नव्हे. वर गेले की आधी तिचं मनगट हातात घेऊन बसायचे, आणि ती म्हणायची, सोडा, भाजी करपेल.

अशाच एका सकाळी दोघं डॉक्टरीणबाईंकडे निघाले होते. शेवटची पिशवी तळाला जेमतेम भरलेली होती. ताई गाडीपाशी आली, ती पिशवी उचलली आणि माझ्या यंत्रावर आणून ठेवली. मग जाऊन बसली. दाजी आधीच पुढच्या सीटवर बसले होते, समोर बघत. ताईनं दाराला एक बोट लावलं आणि सोडलं.

खटका एकदा वाजला.

दाजींनी गाडी सुरू केली नाही. खाली उतरले, फिरून मागं आले, दार उघडलं, वेल्डरला खूण करून आपल्या जागी पुढच्या सीटवर बसवलं आणि दार सोडलं. पुन्हा उघडलं, पुन्हा सोडलं. पुन्हा एकदा. दर वेळी एकच खटका. शेवटी ते दाराला हात लावून नुसतेच उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. पेंटर ब्रश हातात धरून उभा होता आणि रंग त्याच्या पायावर ठिपकत होता.

"किती वेळा बघाल," ताई आतून म्हणाली. "उशीर होतोय."

दाजींनी डोळे पुसले. खिडकीपाशी वाकले.

"वजन वाढलं वाटतं," म्हणाले.

"तुमची गाडी कच्ची," ताई म्हणाली.